माझ्या चांगल्या सवयींचा घरात कुणावरच परिणाम का होत नाही?

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे. गेले आठ महिने रोज पहाटे साडेपाचला उठून पाऊण तास चालून येते. रात्री साडेनऊनंतर मोबाईल हातात घेत नाही, झोपण्याआधी वीस मिनिटं वाचते. माझी झोप सुधारली, चिडचिड कमी झाली. वाटलं होतं, न बोलता करत राहिले तर घरातले बघून बघून आपोआप शिकतील. पण पती रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोरच असतात. वर म्हणतात, ‘घरात एक साध्वी आहे, तेवढी पुरे.’ सोळा वर्षांचा मुलगा रात्री एकपर्यंत मोबाईलवर. ऑफिसात आम्ही आठ जण, तिथेही फरक शून्य. एका माणसाच्या चांगल्या वागण्याचा आजूबाजूच्यांवर खरंच परिणाम होतो का, की ही नुसती बोलायची गोष्ट? माझं काय चुकतंय? (नाव छापू नये.)

उत्तर :

ताई, परिणाम होतो. पण तुम्ही ज्या वाटेने तो व्हायची वाट बघताय, म्हणजे आपण गुपचूप चांगलं वागत राहायचं आणि बाकीच्यांनी बघून बदलायचं, त्या वाटेने तो फार क्वचित होतो. तुमच्या आठ महिन्यांच्या मेहनतीत खोट नाही. ती ज्या तऱ्हेने घरच्यांपर्यंत पोहोचते आहे, तिथे गडबड आहे, आणि ती दुरुस्त करता येते.

तुमच्या तीन सवयी एकदा पतींच्या जागी बसून बघा. पहाटे साडेपाचला ते झोपलेले असतात. तुम्ही भराभर चालताय, चेहऱ्यावर तरतरी आहे, हे दृश्य त्यांनी आठ महिन्यांत किती वेळा पाहिलं असेल? बहुधा एकदाही नाही. त्यांच्या वाट्याला येतो तो पहाटेचा अलार्म, अंधारात कपाटाच्या दाराची करकर आणि रात्री साडेनऊला सोफ्यावरची तुमची रिकामी जागा. मोबाईल न बघणं ही तर न करण्याची गोष्ट, आणि न केलेलं कुणाला दिसत नाही. वाचन खोलीच्या आत. म्हणजे सवयींचा सगळा फायदा तुमच्याकडे आणि सगळी गैरसोय त्यांच्याकडे, अशी वाटणी झाली आहे. ‘साध्वी’ या शब्दात थट्टा आहे, पण थोडी तक्रारही आहे : तू आमच्यातून उठून गेलीस.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी माणसं बघून कशी शिकतात याचे चार टप्पे मांडले. आधी समोरच्याचं वागणं नजरेत भरावं लागतं, मग ते लक्षात राहावं लागतं, मग ‘हे मला जमण्यासारखं आहे’ असं हवं, आणि शेवटी करावंसं वाटायला काही कारण हवं. तुमची सवय पहिल्याच टप्प्यावर अडली आहे. शिवाय आपण समजतो तेवढं लोकांचं आपल्याकडे लक्ष नसतं. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. विद्यार्थ्यांना वाटलं, निम्म्या लोकांच्या तरी हे लक्षात आलं असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. अंगावरच्या शर्टाची ही गत, तर पहाटेच्या अंधारातल्या चालण्याचं काय?

आता मूळ प्रश्न, परिणाम खरा की भास. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असं आपण म्हणतो, आणि म्हणतो ते बहुतेक वेळा वाईट गुणाबद्दल. २००७ साली निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या १२,०६७ माणसांची ३२ वर्षांची माहिती तपासली. मित्र लठ्ठ झाला की त्या माणसाची लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पुढच्या वर्षी त्यांनीच दाखवलं, की जोडीदाराने सिगारेट सोडली की दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते. हे आकडे फार गाजले. पण २००८ सालीच दोन अर्थशास्त्रज्ञांनी तशाच पद्धतीचं गणित किशोरवयीन मुलांच्या मुरुमांना, डोकेदुखीला आणि उंचीला लावून पाहिलं, तर तीही मित्राकडून मित्राला ‘लागताना’ दिसली! उंची कुणाची कुणाला लागत नाही. मग हे साम्य येतं कुठून? एक तर आपण मुळात आपल्यासारखीच माणसं जवळ करतो. दुसरं, एकत्र राहणाऱ्यांच्या भोवतालची परिस्थिती एकच असते. या दोन गोष्टी वजा केल्यावर जे उरेल, तो खरा प्रभाव.

ती वजाबाकी नीट करणारे अभ्यास पुढे झाले. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत नव्या मुलांना साधारण तीस-तीसच्या तुकड्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून देतात, त्यामुळे ‘आपल्यासारखे मित्र निवडले’ हा मुद्दाच उरत नाही. तिथेही सोबत्यांच्या तंदुरुस्तीचा परिणाम दिसला. पण त्यात सर्वात जास्त ओढ होती ती सर्वात कमी तंदुरुस्त सोबत्यांची. २०१७ साली सिनान अराल आणि ख्रिस्तोस निकोलाईडिस यांनी सुमारे ११ लाख धावणाऱ्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी घेतल्या. एका शहरात पाऊस, दुसऱ्यात ऊन, या फरकाचा उपयोग करून त्यांनी प्रभाव वेगळा काढला. मित्र एक किलोमीटर जास्त धावला, तर आपण त्या दिवशी सरासरी ०.३ किलोमीटर जास्त धावतो. प्रभाव खरा आहे आणि बेताचा आहे. त्यातली दुसरी गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची. कमी धावणाऱ्यांचा जास्त धावणाऱ्यांवर प्रभाव पडत होता, त्याच्या उलट बाजूने तो फार कमी होता. माणूस फार पुढे गेलेल्याकडे बघून हलत नाही. बरोबरीचा किंवा मागचा जवळ येतोय असं दिसलं, की हलतो.

आणि आता माझ्या मते तुमच्या पत्राचं खरं उत्तर असलेला अभ्यास. इंग्लंडमधल्या पन्नाशीच्या पुढच्या ३,७२२ जोडप्यांवरचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सिगारेट ओढणाऱ्या बायकांपैकी ज्यांचा जोडीदार ओढतच राहिला, त्यांतल्या ८ टक्के जणींनी सिगारेट सोडली. जोडीदार आधीपासूनच न ओढणारा होता, तिथे १७ टक्के जणींनी सोडली. आणि जोडीदारानेही त्याच काळात सोडली, तिथे ५० टक्के जणींनी. व्यायाम आणि वजनाच्या बाबतीतही कल तोच. ८, १७ आणि ५० हे तीन आकडे शेजारी ठेवून बघा. चांगल्या माणसाशेजारी राहण्याने थोडा फरक पडतो, पण बदलत असलेल्या माणसाशेजारी राहण्याने कितीतरी मोठा. तुम्ही आठ महिन्यांपूर्वी बदललात, एकट्याने, पहाटे. आज पतींसाठी तुम्ही ‘आधीच चांगली’ या खान्यात जाऊन बसला आहात. तुम्हाला तिथून निघून ‘आत्ता बदलते आहे’ या खान्यात यायचंय.

त्यासाठी पहाटेचं चालणं सोडू नका. ते तुमचं आहे, तसंच राहू द्या. घरासाठी मात्र एक वेगळी, छोटी आणि तुमच्यासाठीही नवी गोष्ट सुरू करा : रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटांचं चालणं. एक ठरावीक खूण पकडा, जिथे साडेसात मिनिटांत पोहोचता येतं, तिथून परत. खूण ठरलेली असली की ‘आज किती चालायचं’ हा वाद रोज नव्याने होत नाही. आठवड्यातले चार दिवस पुरे. सात दिवसांचा नियम केलात तर तिसऱ्या दिवशी तो मोडेल, आणि मोडल्यावर तो ‘तुझा नियम’ होऊन बसेल.

बोलावताना शब्द फार जपून वापरा. ‘जेवण झाल्यावर जरा बाहेर जाऊन येऊ या का? ऑफिसातलं एक बोलायचंय,’ हे चालेल. त्यात काही बोलायचं खरोखर असू द्या, निमित्त खोटं असेल तर दुसऱ्या दिवशी कळतं. ‘चला, तेवढंच तुमचं पोट कमी होईल,’ हे अजिबात नको. चेष्टेतही नको. पहिल्या वाक्यात सोबत आहे, दुसऱ्यात दुरुस्ती. कुणी आपल्याला दुरुस्त करतंय अशी चाहूल लागली की माणूस आपलं स्वातंत्र्य सांभाळण्यासाठी मुद्दाम उलट वागतो. जॅक ब्रेम यांनी १९६६ साली याचा सिद्धांत मांडला आणि तो पुढे अनेक प्रयोगांत टिकला. नको म्हणाले तर ‘बरं’ म्हणून तुम्ही एकट्या जा आणि पंधरा मिनिटांनी परत या, तोंड पाडून नव्हे. आठवड्यात तीनदा विचारा. तिन्ही वेळा नकार आला तर पुढच्या आठवड्यात वेळ बदलून बघा, जेवणाआधी किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला. पुष्कळदा नकार चालण्याला नसतो, त्या वेळेला टीव्हीवर जे लागतं ते चुकण्याला असतो.

तुम्ही विचाराल, इतके महिने न बोलता केलं ते वाया गेलं का? नाही गेलं. अमेरिकेतल्या एका मोहिमेत स्थानिक स्वयंसेवक लोकांना घरावर सौर पॅनेल बसवायला सांगत फिरत. २०१८ सालच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांनी स्वतःच्या घरावर आधी पॅनेल बसवले होते, त्यांच्या सांगण्यावरून इतरांपेक्षा सुमारे ६३ टक्के जास्त लोकांनी ते बसवले. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही तक्रार तुमच्याबद्दल कुणालाच करता येणार नाही, आणि हे आठ महिन्यांनी कमावलेलं भांडवल आहे. फक्त, ते स्वयंसेवक नुसते पॅनेल बसवून घरात बसले नव्हते. केलं आणि मग दार वाजवून विचारलंही. तुमच्याकडून पहिला भाग झाला, दुसरा राहिला.

‘साध्वी’ला उत्तर कसं द्यायचं? रागावू नका, आणि चालण्याचे फायदेही सांगू नका. सवयीची कष्टाची बाजू दाखवा. ‘साध्वी कसली, आज पाय निघतच नव्हता. दहा मिनिटं पलंगाच्या कडेला नुसती बसून होते. एक मोजा सापडेना, तेवढ्यावरून जाणंच रद्द करणार होते.’ हे खरंच घडलं असेल तेव्हाच म्हणा. डेल शंक यांनी १९८० च्या दशकात गणितात मागे पडलेल्या मुलांवर प्रयोग केले. आधी अडखळत, चुकत आणि मग जमवत अपूर्णांक सोडवणारं मूल पाहून त्या मुलांचा आत्मविश्वास जास्त वाढला. पहिल्यापासून बिनचूक सोडवणाऱ्याला पाहून तेवढा वाढला नाही. बंडुरांच्या तिसऱ्या टप्प्याला, ‘हे मला जमण्यासारखं आहे’ला, नेमकं हेच लागतं. तुमची धडपड पतींनी आजवर पाहिलेलीच नाही. त्यांना फक्त निकाल दिसतो, आणि तयार निकाल पाहून कुणालाही स्वतःबद्दल थोडं कमीच वाटतं.

गैरसोय कमी करणं हे तेवढंच निकडीचं. अलार्म कंपनावर ठेवून उशीखाली किंवा मनगटावर घ्या. चालायचे कपडे रात्रीच बाहेरच्या खोलीत काढून ठेवा, म्हणजे कपाट उघडावं लागणार नाही. आठवड्यातल्या दोन रात्री सोफ्यावर दहा-सव्वादहापर्यंत बसा, दुसऱ्या दिवशीचा अलार्म सहाचा लावा. तुमच्या शिस्तीला याने तडा जात नाही. या दोन रात्री तुम्ही पुन्हा ‘त्यांच्यातल्या’ होता, आणि प्रभाव ‘आपल्यातल्या’ माणसाचाच पडतो.

सवय तुम्ही तिथे नसतानाही दिसायला हवी. एका गाजलेल्या प्रयोगात वाहनतळावर येणाऱ्यांच्या गाड्यांवर पत्रकं खोचली होती. जागा आधीच कचऱ्याने भरलेली असताना ३२ टक्के लोकांनी पत्रक तिथेच टाकलं, जागा स्वच्छ असताना १४ टक्क्यांनी. तिथे कुणी उपदेश करायला उभं नव्हतं, जागाच सांगत होती. तुमच्या घरात टीव्हीचा रिमोट सोफ्याच्या हातावर आहे आणि पतींचे चालायचे बूट कपाटात वरच्या खणात, पिशवीत बांधलेले असतील, तर जागा काय सांगते आहे? त्यांचे बूट तुमच्या बुटांशेजारी दाराजवळ आणून ठेवा. नाड्या सैल करून ठेवा. कुणाचं लक्ष वेधू नका. तुमचं पुस्तक खोलीतल्या उशाशी न ठेवता सोफ्याशेजारच्या टेबलावर ठेवा, आणि वीस मिनिटांतली पहिली दहा तिथेच बसून वाचा, टीव्ही चालू असला तरी. टीव्हीच्या आवाजात वाचन होत नसेल तर मासिक चाळा, पण दिसा.

मुलाचं गणित वेगळं आहे. सोळाव्या वर्षी मूल आईवडिलांकडे कमी आणि मित्रांकडे जास्त बघतं, हे वयाला धरूनच आहे. त्यातून या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, झोप मुळातच उशिरा येते. झोपेची गरज मात्र ८ ते १० तासांची असते. त्यामुळे ‘आई साडेनऊला मोबाईल ठेवते, तूही ठेव’ हे त्याच्या शरीरालाही पटणारं नाही.

इथे उदाहरणापेक्षा जागा जास्त काम करते. बैठकीच्या खोलीत एक एक्स्टेंशन बोर्ड लावा, तिघांचे चार्जर तिथे, खोल्यांतले चार्जर काढून टाका. तिघांचे म्हणजे तिघांचे. हा बेत बहुतेक घरांत फसतो, कारण मुलाचा मोबाईल बाहेर आणि वडिलांचा उशाशी असतो. मग ती सवय राहत नाही, शिक्षा होते. दुसरं कारण अलार्मचं : ‘सकाळी उठायला मोबाईल लागतो.’ म्हणून साधं गजराचं घड्याळ आधी आणून ठेवा आणि मगच बोला. आणि तिसरं कारण घाईचं. एकवरून थेट अकरावर आणलंत तर पोरगं अंधारात टक्क जागं पडून राहील आणि तिसऱ्या रात्री मोबाईल परत नेईल. आठवड्याला वीस मिनिटं मागे घ्या. पहिल्या आठवड्यात बारा चाळीस, मग बारा वीस, मग बारा. पाच आठवड्यांत अकरा वीसवर याल. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर दर सोमवारी पहिल्यापासून सुरुवात.

हे सगळं सांगण्याआधी एकदा त्याच्याकडे सल्ला मागा. तुम्ही स्वतः दिवसा मोबाईलवर असताच, जेवताना मेसेज बघणं होतच असेल आणि त्याने ते पाहिलेलं असेल. ‘दुपारी माझ्या हातातून हा सुटत नाही, काय करू?’ असं विचारा. तो नोटिफिकेशन बंद करायला सांगेल, स्क्रीन काळी-पांढरी करायची युक्ती दाखवेल. २०१९ साली सुमारे दोन हजार शाळकरी मुलांवर झालेल्या एका प्रयोगात, ज्यांनी धाकट्या मुलांना अभ्यासाचा सल्ला दिला, त्या सल्ला देणाऱ्यांचेच गुण नंतर वाढले. स्वतःच्या तोंडून निघालेली गोष्ट माणूस सहज टाकून देत नाही. त्याने सांगितलेलं खरोखर आठवडाभर करा आणि काय जमलं, काय नाही, ते त्याला सांगा.

ऑफिसबद्दल थोडक्यात. तिथे तुमचं चालणं-वाचन कुणाला दिसण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे त्याचा परिणाम शोधू नका. आठ जणांना दिसेल आणि सगळ्यांना स्वस्तात पडेल अशी एकच सवय निवडा, समजा बैठक ठरल्या मिनिटाला सुरू करून ठरल्या मिनिटाला संपवणं. आणि एकट्याने करू नका. सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत सगळे एकमुखाने चुकीचं उत्तर देत असताना समोरचा माणूसही पुष्कळदा त्यांच्यामागे जाई. पण बरोबर बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी हे मागे जाणं एकदम घटत असे. डेमन सेंटोला यांच्या २०१८ च्या प्रयोगात साधारण २५ टक्के लोक ठाम राहिले की गटाची रूढ पद्धत पालटत होती. तो प्रयोग चित्रातल्या चेहऱ्यांना नावं देण्याचा होता, ऑफिसच्या राजकारणाचा नव्हे, त्यामुळे आकडा शब्दशः धरू नका. पण आठांत दोघं आणि एकटी यातला फरक तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. एक सहकारी आधी बाजूला घेऊन बोला, तीन आठवडे दोघांनी मिळून करा.

हीच गोष्ट घरातही लावा. सेंटोला यांच्याच २०१० च्या ऑनलाइन प्रयोगात नवी गोष्ट एकाहून जास्त सोबत्यांकडून दिसली, की लोक ती उचलण्याची शक्यता वाढत होती. पतींना चालणारी माणसं किती दिसतात? एक बायको. त्यांच्या वयाचा, त्यांच्याच अंगकाठीचा, त्यांच्याइतकाच आळस करणारा एखादा मित्र सुट्टीच्या दिवशी चालायला लागला, तर तो तुमच्याहून भारी पडेल. अशा मित्राच्या घरी दोघांनी मिळून चालत जाण्याचा बेत आखा. त्या मित्राला ‘यांना जरा समजवा’ असं मात्र सांगू नका. ते कळल्याशिवाय राहत नाही, आणि कळलं की मित्रही तुमच्या बाजूचा ठरतो.

किती दिवस वाट बघायची? लंडनमधल्या ९६ जणांच्या एका अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला मध्यम कालावधी ६६ दिवसांचा निघाला, पण कुणाला १८ दिवस लागले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने काही बिघडत नव्हतं. म्हणून बारा आठवडे धरा, आणि ते त्यांच्या पहिल्या दिवसापासून मोजा, तुमच्या नव्हे. त्याआधी जे दिसेल ते बारीक असेल. ‘सकाळी थंडी होती का गं?’ असा प्रश्न येईल. एखाद्या रात्री टीव्हीचा आवाज कमी झालेला असेल. बूट जागचे हललेले दिसतील. याला परिणामच म्हणतात, पण तो मोठ्याने बोलून दाखवू नका.

मध्यंतरी तुमच्या स्वतःच्या सवयीकडे लक्ष ठेवा. ओढ दोन्हीकडून असते. हवाई दलाच्या अकादमीत जास्त खेचत होते ते मागे पडलेलेच. पहाटे चालण्यासाठी घराबाहेरची एक जोडीदारीण शोधा, आठवड्यातले दोन दिवस तरी. कंटाळलेल्या दिवशी तुम्हाला दाराबाहेर काढायला ती हवी.

एक गोष्ट मात्र उदाहरणाने सुटत नाही. पती मोठ्याने घोरत असतील, झोपेत श्वास मधेच थांबून दचकल्यासारखा सुरू होत असेल, सात तास झोपूनही दिवसा डुलक्या येत असतील, तर तो आळस नसून झोपेत श्वास अडण्याचा आजार असू शकतो. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतलं मन दोन आठवड्यांहून जास्त काळ उडालेलं असेल, तर ते नैराश्यही असू शकतं. अशा माणसाला समोरच्याची तरतरी बघून उभारी येत नाही, उलट अपराधी वाटतं. इथे आधी डॉक्टरांकडे जा, चालण्याचं मग बघू.

आणि ज्या दिवशी ते बूट घालून तुमच्याबरोबर निघतील, त्या दिवशी गडबड व्हायची शक्यता तुमच्याकडूनच जास्त आहे. कौतुक करण्याचा मोह होईल, नातेवाइकांना फोनवर सांगण्याचा होईल. दोन्ही टाळा, नाहीतर पुढच्या वेळी ते तुमच्यासाठी चालल्यासारखं होईल आणि तुमच्यावर रागावले की थांबेल. आठ महिन्यांत तुमचा वेग वाढला आहे, त्यांना धाप लागेल. पहिले पंधरा दिवस वेग त्यांचा, बोलणं त्यांचं. साडेसात मिनिटांच्या खुणेआधीच ‘फिरू या’ म्हणाले, तर तिथूनच फिरा. तुमचा पाऊण तास दुसऱ्या दिवशी पहाटे आहेच.